वेगळं होताना राहत्या घराची वाटणी: आम्ही घरी बसून लिहिलेला करार आणि त्याच्या पायऱ्या

५०० रुपयांचा स्टँप पेपर, टाइप केलेली अडीच पानं, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि नोटरीचा लाल शिक्का. हा कागद पिशवीत घालून मी बँकेत गेले तेव्हा माझ्या समजुतीप्रमाणे घर माझं झालेलं होतं. समोरच्या साहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या दोघांत चालतंय. आमच्याकडं नाही."

पुढचे अकरा महिने मी हा कागद खऱ्या अर्थाने चालेल असा करत होते. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहितेय. मी वकील नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. म्हणून लग्न मोडतानाही मी वही घातली होती, आणि ती वहीच इथं उतरवतेय.

आमची परिस्थिती अशी: जुळे सोलापुरात दोन बेडरूमचा फ्लॅट, दोघांच्या नावावर. गृहकर्जही दोघांच्या नावावर. एक मुलगी, नववीत. मुलीचे बाबा (त्यांना आता मी असंच म्हणते, दुसरा शब्द सापडत नाही) दोन वर्षांपासून नोकरीसाठी पुण्यात. भांडणं करून झाली होती, आता दोघांनाही नुसतं सुटायचं होतं. तुमच्यात अजून मारहाण, धमक्या, पैसे लपवणं असं काही चालू असेल तर हा लेख इथंच ठेवा. समोरासमोर बसून करार लिहायला दोघांच्या पायाखालची जमीन सारखी लागते. तसं नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं जा. महिलेला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

आणखी एक: मी लिहितेय ते हिंदू विवाह कायद्याखालचं. विशेष विवाह कायद्याने लग्न झालं असेल तर परस्परसंमतीचा घटस्फोट कलम २८ खाली होतो, रीत साधारण हीच. बाकी धर्मांचे कायदे वेगळे आहेत. घराच्या कागदांचा भाग मात्र सगळ्यांना सारखाच लागू पडतो.

आधी तीन दारं ओळखा

लग्न सोडवतं कोर्ट. घरावरचं नाव हलवतो दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवणारा सब-रजिस्ट्रार. कर्जातून मोकळं करते बँक. या तिघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या कागदावर आपलं काम करून देत नाही. कोर्टाचा हुकूम दाखवला म्हणून बँक कर्जदाराचं नाव काढत नाही, आणि बँकेने नाव काढलं म्हणून मालकी बदलत नाही. घरी लिहिलेला करार म्हणजे या तिन्ही दारांत काय मागायचं याची यादी. यादी चांगली लिहिली तर तिन्ही कामं सोपी होतात, एवढाच तिचा उपयोग.

नोटरी या तिघांत कुठंच नाही. सही तुमचीच आहे, एवढंच तो सांगतो. नोंदणी कायदा, १९०८ चं कलम १७ म्हणतं की १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क देणारा किंवा सोडणारा दस्त नोंदवलाच पाहिजे. १०० रुपयांत आज शेंगा चटणीचं पाकीट येतं. म्हणजे कुठलंच घर यातून सुटत नाही.

"सोडचिठ्ठीचा बाँड" करून देणारे टायपिंगवाले कोर्टाच्या आसपास भरपूर भेटतील. त्या बाँडने लग्न मोडत नाही. काही समाजांत रूढीने फारकत होते आणि कायदा ती मान्यही करतो, पण तशी रूढी आहे हे वेळ आल्यावर कोर्टात सिद्ध करावं लागतं. आणि त्या फारकतीनेही घराचं नाव बदलत नाहीच.

पायरी १: घर नेमकं कुणाचं आहे ते कागदावर पाहा

हसू नका. आमच्या कारखान्यातल्या एका बाईंनी सहा महिने नवऱ्याशी घराच्या वाटणीची बोलणी केली. शेवटी उतारा काढला तर घर सासऱ्यांच्या नावावर! सासू-सासऱ्यांच्या नावाचं घर नवरा-बायकोच्या करारात वाटता येत नाही. भवानी पेठेतला वडिलोपार्जित वाडा असेल तर त्यात नवऱ्याचा हिस्सा असू शकतो, पण तो भावा-बहिणींबरोबरचा. बायकोला वेगळं होताना त्यात आपोआप वाटा मिळत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ प्रमाणे एकत्र राहत्या घरात राहण्याचा हक्क मात्र तिला असतो. तो मालकीहून वेगळा, आणि मालक कुणीही असला तरी लागू.

आपल्याकडे नवऱ्याने लग्नानंतर स्वतःच्या नावावर घेतलेल्या घरात बायको आपोआप अर्धी मालक होत नाही. हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. दस्तावर कुणाचं नाव आणि पैसे कुणाचे गेले, यावर सगळं ठरतं. म्हणून हप्ते कुणाच्या खात्यातून गेले त्याची बँक स्टेटमेंटं आत्ताच काढून ठेवा, संबंध बरे आहेत तोवर.

काढायचे कागद:

- खरेदीचा नोंदणीकृत दस्त आणि त्याची सूची क्रमांक २ (सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात). नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये फुकट शोधता येते.
- नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, किंवा जिथं अजून सातबाराच चालतो तिथं सातबारा.
- महापालिकेची मिळकत कराची ताजी पावती. थकबाकी असेल तर आकडा लिहून ठेवा.
- सोसायटी असेल तर भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट). सोलापुरात बऱ्याच इमारती सोसायटी नसून 'अपार्टमेंट' म्हणून घोषित आहेत. तिथं भाग दाखला नसतो, घोषणापत्र आणि प्रत्येक सदनिकेचा वेगळा दस्त असतो. आपलं कुठलं ते पाहा.

एक सूचना: दस्तात 'जुळे सोलापूर' शोधत बसू नका. माझ्या दस्तात गाव 'मौजे मजरेवाडी' आहे. ई-सर्चमध्ये मी दोन संध्याकाळी चुकीच्या गावात घर शोधत होते.

घर सरकारी योजनेतलं असेल, विडी कामगारांच्या घरकुलातलं किंवा आवास योजनेतलं, तर वाटपपत्रातल्या हस्तांतराच्या अटी आधी वाचा. कुंभारीतली घरकुलं विडी कामगार महिलांना मिळालेली आहेत. तशी घरं दुसऱ्याच्या नावावर करण्याचा करार नुसत्या दोन सह्यांवर उभा राहत नाही.

पायरी २: बँकेत आधी जा, शेवटी नाही

मी केलेली सगळ्यात महाग चूक ही. आम्ही करारात लिहिलं, "यापुढील हप्ते पत्नी भरेल." छान. पण बँक त्या करारात पक्षकारच नव्हती. सहकर्जदार दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार असतात. मी हप्ता चुकवला असता तर वसुलीचा फोन पुण्याला गेला असता आणि सिबिल दोघांचं बिघडलं असतं. आणि घर बँकेकडे गहाण असताना तिच्या लेखी संमतीशिवाय हिस्सा इकडचा तिकडे करता येत नाही.

बँकेला विचारायचे प्रश्न तीनच. एकट्या माझ्या पगारावर हे कर्ज बसतं का? बसत असेल तर दुसऱ्याचं नाव काढायला कुठले कागद लागतील? नसेल तर आज कर्ज पूर्ण फेडायला किती रुपये लागतील? उत्तरं लेखी घ्या, निदान ई-मेलवर.

माझ्या पगारावर कर्ज बसत नव्हतं. शिल्लक होते ५ लाख ८० हजार. आम्ही दोघांच्या नावावरची मुदत ठेव मोडली, माझ्या पाटल्या गेल्या, उरलेले त्यांनी घातले आणि कर्ज मिटवलं. पाटल्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण कोऱ्या पाटीवर पुढचं सगळं सोपं झालं.

कर्ज मिटलं की बँकेने मूळ दस्त ३० दिवसांत परत द्यायचे असतात. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हे वाक्य मी शाखेत हसत हसत म्हटलं, दस्त अठराव्या दिवशी हातात आले. बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा बँकेचा कागद, घ्या आणि गहाणाची नोंद उठवल्याची खात्री करा.

पायरी ३: किंमत ठरवा, पण दोन किमती वेगळ्या ठेवा

एक बाजारातली किंमत, जी आपसातल्या हिशेबाला लागते. दुसरी सरकारी, म्हणजे रेडी रेकनरची, जी मुद्रांकाला (स्टँप ड्युटीला) लागते. सरकारी दर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर विभागवार दिसतो. वार्षिक तक्ता १ एप्रिलला बदलतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये काम आलं असेल तर घाई करा.

बाजारभावासाठी आम्ही एजंटला बोलावलं नाही. आमच्याच इमारतीत वर्षभरात विकल्या गेलेल्या दोन फ्लॅटच्या सूची क्रमांक २ काढल्या, त्यातले आकडे चौरस फुटाला भागले आणि मधला धरला. अर्ध्या तासाचं काम. तुमच्यात एकमेकांच्या आकड्यावर विश्वास नसेल तर दोघांनी मिळून एकच नोंदणीकृत मूल्यांकनकार नेमा. दोघांनी दोन नेमले की तिसरा नेमावा लागतो.

पायरी ४: चारपैकी एक रस्ता निवडा

इथं सावकाश वाचा. सगळा खर्च आणि बराचसा धोका इथंच ठरतो.

*पहिला रस्ता, विकून पैसे वाटणे.* सगळ्यात स्वच्छ. मुलं नसतील किंवा दोघांपैकी कुणालाच तिथं राहायचं नसेल तर हाच घ्या. करारात फक्त कमीत कमी किंमत, किती महिन्यांत विकायचं आणि कर्ज फिटल्यावर उरलेले कसे वाटायचे ते लिहा. खरेदीदाराचा धनादेश दोघांच्या नावाने वेगवेगळा घ्या.

*दुसरा, एकाने दुसऱ्याचा हिस्सा पैसे देऊन घेणे.* यावर खरेदीसारखाच मुद्रांक लागतो: सोलापूर महापालिका हद्दीत ५ टक्के, वर १ टक्का अधिभार. तो पूर्ण घरावर नाही, हलणाऱ्या हिस्स्याच्या सरकारी किमतीवर किंवा दिलेल्या रकमेवर, जे जास्त असेल त्यावर. घर महिलेच्या नावावर होत असेल तर सवलत लागू पडते का, तेही चलन भरण्याआधी विचारून घ्या.

*तिसरा, बक्षीसपत्र.* नवरा-बायकोत राहतं घर बक्षीस द्यायचं असेल तर मुद्रांक २०० रुपये, आणि महापालिका हद्दीतला १ टक्का अधिभार. आमच्या अर्ध्या हिस्स्याची सरकारी किंमत १४ लाख निघाली, म्हणजे अधिभार १४,०००. तोच हिस्सा दुसऱ्या रस्त्याने ८४,००० ला गेला असता. पण यात दोन अटी आहेत. बक्षिसाला मोबदला नसतो. "पोटगी सोडल्याबद्दल" किंवा "इतके लाख मिळाल्यामुळे" असं काही असेल तर ते बक्षीस नाहीच. दस्तात लिहिलं नाही पण खरं तसंच आहे, हेही चालत नाही. दुसरी अट, देणारा-घेणारा दस्ताच्या दिवशी नवरा-बायको असले पाहिजेत. घटस्फोटाचा हुकूम झाला की मुद्रांक कायद्यासाठी तुम्ही परके.

*चौथा, कोर्टाच्या हुकुमातच वाटणी घालणे.* घटस्फोटाच्या अर्जात घराचं पूर्ण वर्णन घालून वाटणी हुकुमाचा भाग करता येते. अर्जाचा विषय असलेल्या मिळकतीपुरता असा तडजोडीचा हुकूम नोंदणीतून सुटू शकतो, पण अर्जात उल्लेखच नसलेलं घर शेवटच्या दिवशी तडजोडीत घुसवलं तर सुटत नाही. हा रस्ता घ्यायचा असेल तर मसुदा वकिलाकडूनच करून घ्या. इथं स्वतःची हुशारी नको.

आता सापळा. "हक्कसोडपत्र करा, ५०० रुपयांत होतंय," असं तुम्हाला किमान चार जण सांगतील. मलाही सांगितलं, त्यात एक नात्यातले निवृत्त तलाठी होते. ते ५०० रुपये वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा जवळच्या नातेवाइकासाठी सोडण्याला आहेत. दोघांनी कर्ज काढून घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नाही. त्याच्या हक्कसोडपत्राला खरेदीसारखाच मुद्रांक लागतो. ५०० चा लावून दस्त केलात तर पुढे कधीतरी फरक आणि दंडाची नोटीस येते, तीही घर विकायला काढल्यावर.

आम्ही तिसरा रस्ता घेतला. त्यांच्या गावाकडचा प्लॉट आधीपासून एकट्या त्यांच्याच नावावर होता, त्याला मी हात लावला नाही. फ्लॅटमधला हिस्सा मुलीच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून त्यांनी दिला, पैशाची देवाणघेवाण नाही. या एका बाबतीत मी त्यांचं नाव चांगलंच घेते.

पायरी ५: करार लिहा

दोन रविवार लागले. ते हुतात्मा एक्सप्रेसने आले, मुलगी मावशीकडे गेली, आणि जेवणाच्या टेबलावर आम्ही लिहायला बसलो. घरावर एकमत वीस मिनिटांत झालं. भांडण लागलं ते आईच्या पाटा-वरवंट्यावरून. त्यावर गेली कित्येक वर्षं कुणी काही वाटलेलं नव्हतं आणि तो बाल्कनीत कुंडीखाली होता. शेवटी दोन याद्या केल्या: एक घराची आणि पैशाची, एक सामानाची. सामानाची यादी करारात घालायची नाही, नुसती सही करून वेगळी ठेवायची, असं ठरलं. हे तुम्हीही करा. मिक्सरसाठी अडलेला करार घरालाही अडवतो. (पाटा माझ्याकडे आहे. अजून कुंडीखालीच.)

स्त्रीधन वाटणीत धरायचंच नाही. ते बाईचंच असतं. फक्त काय काय मिळालं त्याची तोळ्यांसकट पोच लिहा.

आमच्या पहिल्या मसुद्यात वाक्य होतं: "सदर फ्लॅट पत्नीला देण्यात येईल." कोण देईल, कधी, कुठल्या दस्ताने, खर्च कुणाचा, काहीच नाही. दुसऱ्या मसुद्यात तेच असं झालं:

"परिशिष्ट 'अ' मध्ये वर्णन केलेल्या सदनिकेतील पतीचा अविभक्त अर्धा हिस्सा पती हे पत्नीस नोंदणीकृत बक्षीसपत्राने, बँकेचा बेबाकी दाखला मिळाल्यापासून ४५ दिवसांच्या आत, विनामोबदला देतील. मुद्रांक व नोंदणीचा खर्च पत्नी करेल. नोंदणीच्या तारखेपर्यंतचा मिळकत कर व देखभाल खर्च उभयतांनी निम्मा भरावयाचा आहे."

भाषा रुक्ष झाली तरी चालेल. प्रत्येक वाक्यात कोण, काय, कधी आणि खर्च कुणाचा, ही चार उत्तरं हवीत.

परिशिष्टातलं वर्णन मूळ दस्तातून अक्षरशः उतरवा: गट किंवा सर्व्हे नंबर, प्लॉट, सदनिका क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, चतुःसीमा, पार्किंग. मी मनाने 'फ्लॅट नं. ७' लिहिलं होतं, दस्तात 'एस-७' आहे. नोंदणीनंतर ही चूक सापडली असती तर चूक दुरुस्ती पत्र करावं लागलं असतं. तोही नोंदणीकृत दस्तच, दोघांना पुन्हा तिथं उभं राहावं लागतं. नावांचंही तसंच: दस्त, आधार आणि पॅन तिन्हीकडे नाव एकसारखं आहे का ते बघा. माझ्या आधारवर अजून माहेरचं आडनाव होतं.

ही कलमं विसरू नका:

- मूळ दस्त कुणाकडे राहणार.
- दुसऱ्याने घर कधी सोडायचं, त्याच्या वस्तू कधीपर्यंत न्यायच्या.
- ठरलेल्या मुदतीत बँकेने किंवा निबंधकाने अडवलं तर पुढे काय. आम्ही लिहिलं होतं: सहा महिन्यांत जमलं नाही तर विकायचं.
- मुलांचा ताबा, भेटी, शिक्षणाचा खर्च.

"यापुढे एकमेकांकडे काहीही मागणार नाही" हे वाक्य सगळे हौसेने घालतात. मोठ्या माणसांच्या हिशेबापुरतं ठीक आहे. मुलांच्या पालनपोषणाचा हक्क आई-बाप सोडू शकत नाहीत, आणि ताब्याबद्दल काहीही लिहिलं असलं तरी कोर्ट पुढे बदलू शकतं. घरी केलेल्या कागदात पोटगी सोडली म्हणूनही कोर्टाचं दार कायमचं बंद होत नाही. त्या वाक्याच्या भरवशावर कुणीच निश्चिंत राहू नये.

मसुदा पूर्ण झाला की एकदा, एकदाच, वकिलाला दाखवा. दोघांनी दोन वेगळ्या वकिलांना. लिहायला नको, फक्त वाचायला. आमच्या वकीलबाईंनी पाऊण तासात चार ठिकाणी लाल खुणा केल्या, त्यातली एक वरच्या ५०० रुपयांच्या हक्कसोडपत्राला होती.

पायरी ६: कोर्टात अर्ज, आणि क्रम सांभाळा

परस्परसंमतीचा अर्ज कलम १३-ब खाली. अट: एक वर्ष किंवा जास्त वेगळं राहत असलं पाहिजे. वेगळं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं. घर एकच असलं तरी चालतं, पण ते पटवून द्यावं लागतं. लग्न जिथं झालं किंवा शेवटचं एकत्र जिथं राहिलात, तिथं अर्ज करता येतो. म्हणून ते पुण्यात असूनही आमचा अर्ज सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयात झाला. तिथं समुपदेशक भेटतात. घाबरू नका, त्या बळजबरीने संसार जोडत नाहीत. दोघांनाही एकेकटं बसवून अर्ज मनापासूनचा आहे ना, ते पाहतात. महिलेला घटस्फोटाच्या प्रकरणात महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे. अर्ज दोघांचा असला तरी खिडकीवर विचारा.

पहिल्या आणि दुसऱ्या जबानीत सहा महिन्यांचं अंतर असतं, जास्तीत जास्त अठरा. २०१७ च्या अमरदीप सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात. आम्ही माफी मागितलीच नाही. बँक आणि नोंदणी या दोन्ही कामांना ते महिने हवेच होते.

आमचा क्रम होता: करार, अर्ज आणि पहिली जबानी, कर्जफेड, बक्षीसपत्राची नोंदणी, दुसरी जबानी, हुकूम. यात हिस्सा देणाऱ्याला धोका आहे, तो लपवत नाही. हुकूम होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणजे घर दिलं आणि घटस्फोट अडला, असं होऊ शकतं. तुमच्यात तेवढा विश्वास नसेल तर स्वस्त बक्षीसपत्राच्या मागे न लागता चौथा रस्ता घ्या.

उलट बाजूही बघा. घरचा करार झाला, नोंदणी झाली नाही, आणि मध्येच नवरा गेला तर? त्याचा हिस्सा त्याच्या वारसांत जातो, आणि हिंदू पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको-मुलांबरोबर त्याची आईही असते. सासूबाईंबरोबर अर्ध्या फ्लॅटची वाटणी करायची माझी तयारी नव्हती, म्हणून बेबाकी दाखला आल्यावर मी नोंदणीला नऊ दिवसही लावले नाहीत.

पायरी ७: दुय्यम निबंधकाकडे

घरूनच संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरा, म्हणजे डेटा एन्ट्री. मुद्रांक आणि नोंदणी फी ऑनलाइन चलनाने भरा, वेळ आरक्षित करा. दस्ताच्या पानांमागे हाताळणी शुल्क वेगळं असतं. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त सादर करावा लागतो.

त्या दिवशी बरोबर न्यायचं:

- सह्या केलेला मूळ दस्त, चलनाच्या प्रती
- दोघांचं आधार आणि पॅन, मूळ व झेरॉक्स
- ओळखपत्रासह दोन साक्षीदार. बक्षीसपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच
- जुना खरेदी दस्त, सूची क्रमांक २, बेबाकी दाखला
- मिळकत कराची पावती, नात्याच्या पुराव्यासाठी विवाह नोंदणी दाखला

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली वेळ घेऊ नका. सिद्धेश्वरांच्या यात्रेत साक्षीदार वेळेवर पोचणं म्हणजे नवसच. सर्व्हर बंद पडणं हे वर्षभर चालू असतं, म्हणून सकाळची पहिली वेळ घ्या. पुण्याहून येणाऱ्याचं त्या दिवशीचं परतीचं तिकीट काढू नका.

आत कॅमेऱ्यासमोर एकेकाला बसवतात, अंगठा घेतात. ऑपरेटर मुलाने पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "नातं?" आम्ही दोघं एकदम म्हणालो, "पती-पत्नी." त्याने टाइप केलं. शेजारच्या खुर्चीवर माझे साक्षीदार मामा खाली बघत बसले होते.

दस्त स्कॅन होऊन त्याच दिवशी मिळाला. बाहेर पडण्याआधी सूची क्रमांक २ वर नावं, सदनिका क्रमांक आणि क्षेत्रफळ वाचून घ्या. तिथंच, उभ्या उभ्या.

पायरी ८: बाकीची नावं

सूची क्रमांक २ च्या पाच-सहा प्रती काढा आणि एकेक दार करा. महापालिकेत मिळकत कराला नाव बदल, थकबाकी असेल तर आधी भरून. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, जिथं तुमच्या सदनिकेची नोंद लागत असेल तिथं. सोसायटीत भाग दाखला, आणि त्याच दिवशी नवीन नामनिर्देशन. वीज मीटर, महावितरणचा अर्ज ऑनलाइन होतो. घराचा विमा. विमा पॉलिसी, भविष्य निर्वाह निधी आणि बँक खात्यांवरचं नामनिर्देशन दोघांनीही आपापलं बदला, हे राहून जातं. नामनिर्देशित माणूस मालक होत नसला तरी पैसे आधी त्याच्याच हातात पडतात.

दुसऱ्या जबानीच्या दिवशी कोर्टाने नोंदणीकृत दस्ताची प्रत पाहिली, करारातलं घराचं कलम पूर्ण झाल्याचं अर्जात लिहून घेतलं, आणि हुकूम झाला. त्याच्या प्रमाणित प्रती निदान तीन मागा. पासपोर्ट, शाळा, बँक, सगळीकडे एकेक जाते.

माझ्या वहीत आता एकच ओळ उरलीय. गॅसचं कार्ड अजून मुलीच्या बाबांच्या नावावर आहे, आणि आमच्या एजन्सीत त्यासाठी त्यांची सही लागते. दिवाळीत ते येतील तेव्हा करू.